फेअरमाउंटचे पाणी

आनंदीबाई जोशी 1883 च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या आणि 11 मार्च 1886 रोजी डॉक्टर झाल्या, हे आपण सर्व शाळेपासून ऐकत आलो आहोत. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या, हेही पुष्कळांना ठाऊक असते. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले, श्री. ज. जोशींची कादंबरी आली, मग नाटक आणि चित्रपट. शाकाहार त्यांनी कसा सांभाळला, थंडी कशी सोसली, यावर भरपूर लिहून झाले आहे. पण या गावात त्या पाणी कुठले पीत होत्या, हा प्रश्न कोणी विचारलेला माझ्या वाचनात आलेला नाही. मला तो पडला, आणि उत्तर शोधता शोधता या शहराच्या पाणीपुरवठ्याचा दोनशे वर्षांचा इतिहास हाती लागला. तो इथे मांडतो आहे, कारण आपल्यापैकी कित्येकजण याच नळाचे पाणी पितात आणि उन्हाळ्यात याच नदीकाठी सहलीला जातात.

नदीचे नाव स्कूकिल. (इंग्रजी अक्षरे पाहून कोणी निराळा उच्चार केला, की तो गावात नवा आहे हे लगेच ओळखू येते.) शहराच्या पूर्वेला डेलावेअर आणि पश्चिमेला स्कूकिल, अशा दोन नद्यांच्या बेचक्यात जुने फिलाडेल्फिया वसले. पाणी मात्र नदीचे नव्हते, विहिरींचे होते. घराच्या मागे शौचकूप, त्याच्या जवळच विहीर, आणि घराला घर लागलेले. बेंजामिन फ्रँकलिनला याची चिंता होती. 1789 साली आपल्या मृत्युपत्राला जोडलेल्या पुरवणीत त्याने शहरासाठी हजार पौंड ठेवले आणि शंभर वर्षांनी त्या वाढलेल्या रकमेतून विसाहिकन ओढ्याचे पाणी नळाने शहरात आणावे, अशी सूचना लिहून ठेवली. विहिरी बिघडत जाणार हे त्याने हेरले होते. शंभर वर्षे थांबायला शहराला सवड नव्हती, एवढेच.

1793 च्या उन्हाळ्यात पीतज्वर आला. फिलाडेल्फिया तेव्हा देशाची राजधानी. पन्नास हजारांच्या आसपास वस्ती, आणि त्यातली सुमारे पाच हजार माणसे त्या एका साथीत गेली. ज्यांना शक्य होते ते गाव सोडून पळाले, खुद्द सरकारही पांगले. आजाऱ्यांची शुश्रूषा करायला आणि प्रेते उचलायला पुढे झाले ते ॲब्सलम जोन्स आणि रिचर्ड ॲलन यांच्या मागे उभे राहिलेले कृष्णवर्णीय नागरिक. साथ पुढेही पुनःपुन्हा आली. घाण वासाने, सडलेल्या हवेने ज्वर येतो अशी त्या काळची समजूत होती. तेव्हा रस्ते धुवायला आणि प्यायला मुबलक स्वच्छ पाणी हवे, असे ठरले. पीतज्वर डासाने पसरतो हे सिद्ध व्हायला 1900 साल उजाडावे लागले. म्हणजे अमेरिकेतल्या एका मोठ्या शहराचा हा पहिलावहिला सार्वजनिक पाणीपुरवठा चुकीच्या निदानावर उभा राहिला. निदान चुकले तरी पथ्य बरोबर निघाले, असे कधी कधी होते!

काम मिळाले बेंजामिन लाट्रोब या स्थापत्यविशारदाला. त्याने दोन वाफेची यंत्रे बसवली, एक स्कूकिलच्या काठी आणि दुसरे गावाच्या मध्यावर, सेंटर स्क्वेअरमध्ये. जिथे आज सिटी हॉलची ती अवाढव्य इमारत उभी आहे, तीच ती जागा. जानेवारी 1801 मध्ये पाणी सुरू झाले. नळ लाकडी होते, झाडांचे ओंडके आरपार कोरून एकापुढे एक जोडलेले. आग लागली की बंबवाले रस्ता खणून ओंडक्याला भोक पाडत आणि काम झाले की त्यात लाकडी गुडदी ठोकत. त्या गुडदीला इंग्रजीत 'प्लग' म्हणतात. आज रस्त्याकडेला लोखंडी बंबनळ असतात, तरी जुना फिलाडेल्फियाकर अजून त्यांना 'प्लग'च म्हणतो.

लाट्रोबने पंपघर बांधले ते ग्रीक देवळासारखे, वर घुमट. त्या घुमटातून यंत्राचा धूर निघे, म्हणून लोकांनी त्याला 'मिरपुडीची डबी' म्हणायला सुरुवात केली. भोवती झाडे लावली. 1809 मध्ये समोर कारंजे आले, त्यात विल्यम रश या शिल्पकाराने लाकडात कोरलेली जलदेवता, खांद्यावर पाणपक्षी घेतलेली. आता आपण इथे जरा थांबू, कारण पाण्याचे खाते आणि उन्हाळ्याचा उत्सव यांची गाठ इथेच पडली. जॉन लुइस क्रिमेल या चित्रकाराने 1812 च्या सुमारास चार जुलैच्या दिवशी सेंटर स्क्वेअरवर जमलेली गर्दी रंगवली. चित्र इथल्या ललित कला अकादमीच्या संग्रहात आहे. मागे पंपघर, मध्ये कारंजे, पुढे नटूनथटून आलेले लोक, लहान मुले. स्वातंत्र्यदिन साजरा करायला शहराने जागा निवडली ती पाण्याच्या यंत्राची.

पण या उत्सवात सर्वांना जागा नव्हती. जेम्स फोर्टन हा जहाजांची शिडे बनवणारा, स्वतंत्र आणि सधन कृष्णवर्णीय गृहस्थ. त्याने 1813 साली पत्रे लिहून छापली. सार्वजनिक आनंदाच्या दिवशी दुपारी बारानंतर काळ्या माणसाला रस्त्यावर दिसण्याची सोय नसते, असे त्याने त्यात स्पष्ट लिहून ठेवले. क्रिमेलचे चित्र आणि फोर्टनची पत्रे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. ज्यांनी साथीत प्रेते उचलली त्यांच्या बाबतीत वीस वर्षांनी ही स्थिती. आपल्याला इथे 1927 चे महाडचे चवदार तळे आठवते. तिथे तर प्रश्न सरळ ओंजळभर पाण्याचाच होता.

असो. लाट्रोबची यंत्रे सतत बिघडत, वरची टाकी फार लहान, आणि सरपण किती जळे याला सुमार नव्हता. त्याचा शिष्य फ्रेडरिक ग्राफ 1805 साली या कामाचा प्रमुख झाला आणि 1847 मध्ये मरेपर्यंत त्याच जागी राहिला. बेचाळीस वर्षे एका माणसाने एका गावचे पाणी सांभाळले. त्याने गावाबाहेरची, नदीकाठची 'फेअर माउंट' नावाची टेकडी निवडली. माथ्यावर हौद, पायथ्याशी पंपघर. टेकडीवरून पाणी उताराने आपोआप गावात जाईल. 1815 मध्ये हे सुरू झाले. यंत्रे सुरुवातीला वाफेचीच होती. बाष्पपात्रे 1818 आणि 1821 मध्ये फुटली, त्यात माणसे मेली. तेव्हा ग्राफने वाफेचा नाद सोडला. नदीला आडवा बांध घातला आणि 1822 पासून लाकडी पाणचक्क्या नदीच्याच जोरावर नदीचे पाणी वर चढवू लागल्या. सरपण नाही, धूर नाही, स्फोट नाही. लाकडी नळ जाऊन लोखंडी आले.

बांधाने एक घात केला. वसंतात समुद्रातून नदीत अंडी घालायला येणारा शॅड मासा, आपल्याकडच्या पाला माशाचा हा चुलतभाऊ, त्याची वाट अडली. वरच्या गावांतल्या कोळ्यांचा धंदा बुडाला. माशांना चढून जाण्यासाठी इथे पायऱ्या बांधल्या गेल्या त्या 1979 मध्ये.

फेअरमाउंटची कीर्ती मात्र भराभर पसरली. शुभ्र देवळासारखी पंपघरे, नदीवर ओटा, मागे बाग, टेकडीवर चढत जाणाऱ्या वाटा. वाफेची यंत्रे काढल्यावर ती इमारत 1835 मध्ये उपाहारगृह झाली. उन्हाळ्यात सगळे गाव तिथे लोटे. लोक यंत्रे पाहत, थंड पेय पीत आणि छोट्या आगबोटीतून नदीवर फिरायला जात. चार्ल्स डिकन्स 1842 मध्ये अमेरिकेत आला. त्याला या देशात फारसे काही आवडले नाही, पण फेअरमाउंटची त्याने तोंडभर स्तुती केली. आपल्याकडे घाट बांधावा तशी ही जागा होती. उपयोगाची आणि हौसेची, दोन्ही.

पाणी स्वच्छ राहावे म्हणून शहराने 1844 मध्ये बांधाच्या वरच्या अंगाची लेमन हिल ही जमीन विकत घेतली. कारखाने आणि वखारी तिथे येऊ नयेत, हा हेतू. पुढे भर पडत पडत त्याचेच फेअरमाउंट पार्क झाले. 1876 चे शतसांवत्सरिक प्रदर्शन याच उद्यानात भरले आणि सहा महिन्यांत सुमारे एक कोटी लोक येऊन गेले. आज आपण ज्या हिरवळीवर सतरंज्या पसरून भेळ कालवतो, ती मुळात नळाच्या पाण्याची कुंपणभिंत आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

कुंपण अपुरे पडले. उद्यानाच्या वर मानायंक नावाचे गाव, तिथे कापडगिरण्या. त्याच्याही वर कोळशाच्या खाणी, गावे, त्यांची गटारे. सगळे येऊन मिळे ते स्कूकिललाच. नदीतून पाणी उचलायचे, हौदात थोडे निवळू द्यायचे आणि नळात सोडायचे, ही पद्धत 1820 च्या लहान गावाला चालून गेली. 1880 च्या गिरण्यांच्या महानगराला ती चालणार नव्हती. टायफॉइड, म्हणजे आपला विषमज्वर, दरवर्षी शेकडो माणसे नेऊ लागला.

आनंदीबाई आल्या त्या या काळात. त्यांचे कॉलेज फेअरमाउंटपासून मैल-दीड मैलावर होते. शहराचे बहुतेक पाणी तेव्हा स्कूकिलचे आणि न गाळलेले होते. त्यांचा अंत क्षयाने झाला, पाण्याने नव्हे, तेव्हा उगाच संबंध जोडायचा नाही. पण ज्या वर्गात त्या रोगांची कारणे शिकत होत्या, त्या वर्गाबाहेरच्या नळालाही एक रोग वाहत होता. टायफॉइडचा जंतू एबर्थने 1880 मध्येच पाहिला होता. कॉखने कॉलऱ्याचा जंतू ओळखला तो कलकत्त्यात, 1884 मध्ये. आणि आनंदीबाई अमेरिकेला निघाल्या होत्या त्या कलकत्त्याहूनच.

मग शहराने पाणी गाळायला एवढा उशीर का केला? ज्ञान नव्हते असे मुळीच नाही. लंडनच्या पाणी कंपन्यांना 1852 च्या कायद्याने गाळणी सक्तीची झाली होती. 1892 मध्ये हॅम्बुर्गला कॉलऱ्याने आठ हजारांवर बळी घेतले. शेजारी, त्याच एल्ब नदीवर, भिंतीला भिंत लावून असलेले आल्टोना पाणी वाळूतून गाळत असे, ते बरेचसे वाचले. याहून स्वच्छ पुरावा कुठला हवा? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या लॉरेन्स गावाने 1893 मध्ये वाळूची गाळणी बांधली आणि टायफॉइड तिथे झपाट्याने उतरला. फिलाडेल्फियात मात्र चर्चा चालू राहिली. माझे मत असे, की फेअरमाउंटच्या देखणेपणाने या शहराचे डोळे दिपले होते. ज्या पंपघराची साऱ्या जगाने वाहवा केली, जिथे आपण लहानपणापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी काढल्या, तिथले पाणी माणसे मारते हे मनाला पटत नाही. दुसरे कारण पैसा आणि राजकारण. गाळण्यांचे काम म्हणजे कोट्यवधींची कंत्राटे, आणि ती कोणाला मिळणार यावर नगरपित्यांचे लक्ष. लिंकन स्टेफन्स या पत्रकाराने 1903 मध्ये या शहराला 'भ्रष्ट आणि समाधानी' असा किताब दिला तो उगाच नव्हे.

तज्ज्ञांच्या समितीने 1899 मध्ये गाळणीचा सल्ला दिला. पहिली गाळणी 1902 मध्ये रॉक्सबरोला सुरू झाली, मग बेलमाँट, मग डेलावेअरच्या काठी टॉरेसडेलची प्रचंड गाळणी, 65 वाफ्यांची. तंत्र इतके साधे की आपल्या आजीला सांगितले असते तर पटले असते. वाळूच्या जाड थरातून पाणी अगदी सावकाश झिरपू द्यायचे. काही दिवसांत वाळूच्या माथ्यावर एक बुळबुळीत साय धरते. ती सजीव असते आणि जंतू फस्त करण्याचे खरे काम तीच करते. साय फार दाट झाली की वरची वाळू खरवडून काढायची. ज्या भागांना गाळलेले पाणी आधी मिळाले तिथे टायफॉइड आधी उतरला, बाकीचे भाग मरत राहिले. एकाच शहरात, एकाच वर्षी, कुठल्या नळावर राहता यावर आयुष्य ठरत होते. फेअरमाउंटचे पंप 1909 मध्ये थांबले. पुढे 1913 च्या सुमारास क्लोरीन आले आणि टायफॉइडने मरणारे बोटांवर मोजण्याइतके उरले.

फेअरमाउंटच्या इमारतीत 1911 ते 1962 मत्स्यालय होते, नंतर 1973 पर्यंत पोहण्याचा तलाव. टेकडीवरच्या हौदाच्या जागी कलासंग्रहालय उभे राहिले, ते 1928 मध्ये उघडले. सिनेमातला तो मुष्टियोद्धा धावत चढतो त्या पायऱ्या म्हणजे जुन्या हौदाचीच चढण. 2003 मध्ये पाणी खात्याने पंपघरात माहिती केंद्र उघडले. शाळेची मुले तिथे नदीचे पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागली, आणि 2017 पासून नदी गाळणाऱ्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांची पैदासही तिथे सुरू झाली. 2021 च्या सप्टेंबरात आयडा वादळाच्या पुराने नदी त्या केंद्रातच शिरली.

उन्हाळ्याचा उत्सव मात्र आता नदीकाठापुरता उरलेला नाही, तो गल्लीत आहे. एकमेकांना चिकटलेली विटांची घरे, वर डांबरी गच्च्या, झाड नाही. जुलै 1993 च्या लाटेत या शहरात शंभराहून अधिक माणसे उष्म्याने गेली. बहुतेक म्हातारी, एकटी, खिडक्या लावून बसलेली. अशा गल्लीत पोरे 'प्लग' उघडून पाण्यात नाचतात तेव्हा त्याला निव्वळ व्रात्यपणा म्हणवत नाही. पण पाणी खाते रागावते त्यालाही कारण आहे, आणि ते आपल्या घराशी निगडित आहे.

नळातले पाणी सुरक्षित राहते ते दाबामुळे. आत दाब असला की फटीतून पाणी बाहेर जाते, बाहेरचे आत येत नाही. दोन-तीन बंबनळ सताड उघडले की दाब पडतो, आग लागली तर बंबवाल्यांची पंचाईत होते, आणि नळ उलटा ओढू लागतो. समजा, त्याच वेळी तुम्ही परसातल्या मेथी-कोथिंबिरीसाठी बादलीत खत कालवले आहे आणि रबरी नळीचे तोंड त्या बादलीत बुडवून ठेवले आहे. ते खतपाणी नळीतून मागे, घराच्या नळात येऊ शकते. परसातल्या तोटीवर बसवायची एक छोटी पितळी झडप हार्डवेअरच्या दुकानात थोडक्या डॉलरांत मिळते, ती उलटा प्रवाह अडवते. आणि नळी कधीही बादलीत किंवा मुलांच्या डुंबण्याच्या टबात बुडवून ठेवू नये.

2023 चा पाडवा होऊन दोन दिवस झाले होते. 24 मार्चच्या रात्री शहराच्या वर, ब्रिस्टलजवळच्या एका कारखान्यातून हजारो गॅलन लॅटेक्सचे द्रावण ओढ्यातून डेलावेअरमध्ये गेले. रविवारी, 26 तारखेला, सर्वांच्या फोनवर शहराचा संदेश आला की खबरदारी म्हणून बाटलीचे पाणी प्यावे. दुकाने पाहता पाहता रिकामी झाली. मग शहर म्हणाले, आज रात्रीपर्यंत नळाचे चालेल. मग ती मुदत वाढली, पुन्हा वाढली, आणि 28 तारखेला धोका नाही असे जाहीर झाले. नदीचे पाणी उचलण्याची दारे टॉरेसडेललाच आहेत, जिथे शतकापूर्वी ते 65 वाफे होते. ती वेळेवर बंद केली गेली होती आणि दूषित द्रव्य पाण्यात सापडले नाही.

त्या दिवशी माझ्याकडे फोन येत होते. एक वहिनी म्हणाल्या, "अहो भावोजी, मी तीन पातेली भरून उकळून ठेवली आहेत, आता काळजी नाही ना?" मी म्हटले, "वहिनी, जंतू असते तर नसती. रसायन उकळून जात नाही." त्या क्षणभर गप्पच झाल्या. आपल्या दोन पिढ्यांना पाणी उकळणे म्हणजे पाणी शुद्ध करणे असेच शिकवले गेले, आणि टायफॉइड-काविळीच्या गावात ते अगदी योग्य होते. फिलाडेल्फियातही 1900 च्या सुमारास तेच योग्य होते. आता इथे घरातला मोठा शत्रू बहुधा शिसे आहे, आणि उकळल्याने पाणी आटते, शिसे तेवढेच उरते, म्हणजे उलट दाट होते.

शिसे नदीतून किंवा शहराच्या मुख्य नळातून सहसा येत नाही. येते ते रस्त्यापासून घरात शिरणाऱ्या लहान नळातून, जुन्या सांध्यांच्या डाखातून आणि पितळी तोट्यांतून. शिशाच्या नळांना आणि डाखाला देशभर बंदी झाली ती 1986 च्या कायद्याने, म्हणून त्याआधीच्या घरांत राहणाऱ्यांनी तळघरात उतरून पाहावे. मी पाहिले. भिंतीतून नळ आत येतो तिथे किल्लीने हलकेच खरवडायचे. शिसे मऊ असते, चांदीसारखे चमकते आणि लोहचुंबक त्याला चिकटत नाही. लोखंडाला चिकटतो, तांबे तांबूस दिसते. माझ्याकडे तांबे निघाले. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने मागच्या वर्षी घेतलेल्या जुन्या विटांच्या घरात मात्र किल्लीखाली चांदी चमकली, आणि घरात सहा महिन्यांचे बाळ. नळ बदलून होईपर्यंत त्यांनी शिशासाठी प्रमाणित केलेली गाळणी बसवली आहे. रात्रभर साचलेले पाणी सकाळी काही मिनिटे वाहू देतात. तोटीच्या टोकाची जाळी काढून धुतात. चहा, वरण, बाळाचे दूध, सगळ्याला थंड नळाचेच पाणी घेतात, कारण गरम पाण्यात शिसे अधिक विरघळते.

कोणाच्या घरापर्यंत कुठल्या धातूचा नळ आहे याची यादी ऑक्टोबर 2024 पर्यंत तयार करणे देशातल्या पाणी खात्यांना बंधनकारक होते. आपल्या घरासमोर त्या यादीत 'माहीत नाही' असे लिहिलेले असेल, तर खात्याला फोन करावा, आणि किल्ली व लोहचुंबक घेऊन आधी तळघरात उतरावे.